आवाज कुठं थांबतो

"आवं, बंद करा ना ते! कानात दाभण घातल्यागत होतंय," नम्रता दारातूनच ओरडली, आणि साईराजनं वर बघितलं तर बायको खरंच दोन्ही कानांवर हात दाबून उभी, पिठाचे हात, केसांना पीठ लागलं तरी तिला पर्वा नाही. साईराज म्हणाला, "काय बंद करू?" कारण खोलीत काही वाजतच नव्हतं. म्हणजे त्याच्या लेखी तरी. टेबलावर अनुपमदादाच्या व्हिडिओ गेमचा जुना बोर्ड उघडा पडलेला, त्याला वायरींनी जोडलेला स्पीकर, आणि साईराजचं बोट नाणं टाकल्याचं जे बटण असतं त्याच्यावर. जेवण झाल्यापासून तो तेवढंच करत होता, दाबायचं आणि ऐकायचं, दाबायचं आणि ऐकायचं, आणि दर वेळी मनात, च्यायला, हा आयसीपण मेलेलाच निघाला. "ते काय, टिंग टिंग टिंग टिंग! बाजूच्या पारूकाकी विचारत होत्या, कसली गं घंटी वाजतेय तुमच्याकडं एवढी," नम्रता म्हणाली, आणि नवरा मस्करी करतोय असं समजून हसत आत गेली. साईराजनं बोट काढलं. मग परत ठेवलं. दाबलं. पंखा घरघरत होता तो ऐकू आला, आत तवा आपटला तो आला, लांब ठाकुरवाडीच्या अंगाला घाटात इंजिनानं भोंगा दिला, तोसुद्धा आला. टिंग काही आली नाही. आणि आतून नम्रता ओरडली, "आवं, परत?"

आता हा बोर्ड म्हणजे काय, तर पूर्वी खोपोलीच्या स्टँडजवळ लाकडी पेट्या असायच्या ना, पडद्यावर विमान, खाली दांडी आणि बटणं, नाणं टाकलं की खेळ, तसल्या पेटीतलं काळीज. अनुपमदादानं शाळा बुडवून जिच्यावर दिवस काढले ती पेटी त्याला कुठल्याशा भंगारात सापडली, आणि दादा कर्जतचा, घरचं मेडिकलचं दुकान, भिवपुरीच्या बाजूला फार्महाउस, त्याला तिथं पाहुण्यांसाठी अशा जुन्या पेट्यांची एक खोलीच करायची होती. चित्र दिसत होतं, आवाज मेलेला. चित्र काय, कोणीही करून देतो. आवाजाला मात्र साजगावच्या साईराजशिवाय माणूस नाही, मुंबईपुण्याचे लोक कुरियरनं बोर्ड पाठवतात, फोनमध्ये त्याचं नावच 'आवाजवाला' म्हणून ठेवतात, आणि त्याला ते आवडतं, का नाही आवडणार? त्याची रीत साधी. आवाज शोधायचा तर उलटं चालायचं, स्पीकरपासून मागं. एका सुईला वायर डकवलेली, ती वायर छोट्या अँप्लिफायरला, आणि ती सुई बोर्डावर आयसीच्या, म्हणजे काळ्या चिपच्या, एकेका पायाला टेकवत मागं मागं जायचं, इथं आवाज नाही, इथं नाही, इथं नाही, इथं आहे! जिथं आहे आणि जिथं नाही त्यांच्या मधे दुखणं. दादाच्या बोर्डाचं दुखणं त्याला लगेच सापडलं होतं, एक कॅपॅसिटर सुकून गेलेला आणि शेवटचा, आवाज मोठा करणारा आयसी जळलेला. दोन्ही बदलले, विमान घोंघावलं, बॉम्ब फुटले, गाणं सुरू झालं. फक्त नाणं टाकल्यावरची टिंग नाही. म्हणून त्यानं सूर बनवणारा आयसी काढला, दुसऱ्या एका मेलेल्या बोर्डावरचा आणून बसवला, तरी नाही. मग त्याच्या पुढचा काढला, तरी नाही. इतकी जुनी तांब्याची रेघ, तापवली की सालीसारखी सुटून येते, तशी दोन ठिकाणी सुटलीसुद्धा, तिथं त्यानं केसाएवढ्या वायरी टाकून जोड दिला. आणि टिंग तर नम्रताला ऐकू येत होती, म्हणजे इतके दिवस तो धडधाकट अंगावर ऑपरेशन करत बसला होता.

त्यानं स्कोप लावला, आवाजाची लाट पडद्यावर दाखवणारं यंत्र. आधीच लावायला पाहिजे होता, पण ज्याला कान आहेत तो कशाला स्कोप काढतोय, तो असतो कपाटावर धूळ खात. हिरव्या पडद्यावर टिंग आली. उभी राहिली, थरथरली, बारीक होत होत विझली, सुरेख, कुठं एक दात तुटलेला नाही. दाबलं की लाट, दाबलं की लाट, आणि खोलीत काही नाही, जसं पाण्याखालून कोणीतरी हाका मारतंय आणि वर नुसते बुडबुडे दिसतायत. आयसी चांगला. अँप्लिफायर चांगला. स्पीकर चांगला, कारण नम्रताला ऐकू येतंय, भिंतीपलीकडं पारूकाकीला ऐकू येतंय. म्हणजे अजून एक पाऊल. स्पीकरच्या पुढं हवा. हवेच्या पुढं कोण? सुई हातातच होती. का कोण जाणे, त्यानं ती कानामागं टेकवली, आणि अँप्लिफायरमधून घुंऽऽ असा जाड आवाज आला. माणसाच्या अंगाला सुई लावली की तो येतोच, घरातल्या विजेचा असतो, त्याला माहीत होतं, हजारदा ऐकलेला. पण तेव्हा त्याला वाटलं, आपल्या आत कोणीतरी बसलंय आणि त्यानं आतून कडी लावून घेतलीय.

हे झालं कधी? तो मागं मागं चालायला लागला. लग्नाआधी काही हंगाम तो किशोरच्या डीजेवर होता, आणि आपल्याकडची हळद म्हणजे काय ते कोणाला सांगायला नको, टेंपोवर रचलेले बॉक्स, घरांची कौलं थरथरतायत, म्हातारी माणसं आत छाती धरून बसलीत. वरच्या भोंग्यांपैकी कुठला फाटलाय ते सांगायचं, हे साईराजचं काम. बंद करून तपासायला सवड नाही, नाचणारी पोरं मारतील, म्हणून चालू गाण्यातच भोंग्याच्या तोंडाशी कान न्यायचा, हा नाही, हा नाही, हा! आणि किशोर सगळ्यांना सांगायचा, "मशीन हाय रं त्याचा कान, मशीन." दुसऱ्या दिवशी सकाळी कानात शीऽऽ असं वाजत राहायचं, दुपारी थांबायचं, पोरं म्हणायची, "सायऱ्या, तुजी हळद उतरली नाय वाटतं अजून." मग ते दुपारी थांबेना, संध्याकाळी थांबायला लागलं. मग थांबतं का नाही इकडं त्याचं लक्षच गेलं नाही. आता त्यानं उठून पंखा बंद केला आणि ऐकलं, तर ते होतंच. इतकी वर्षं तो त्यालाच शांतता समजत आला होता. आणि नको असताना त्याला आबा आठवला. आबाजी म्हणजे त्याचा बाप, कारखान्यात घणाच्या मशीनवर होता, लाल लोखंडावर दिवसभर धाड धाड, कानात कापूस, तोसुद्धा आठवला तर. रिटायर व्हायच्या आधीच कान गेले. मग घरात सगळे आबाशी ओरडून बोलायला लागले, आणि ओरडून माणूस किती बोलणार? जेव, ऊठ, चल, गोळी घे. बहिणीच्या सोयरिकीची बैठक होती तेव्हा पाहुण्यांत कोणीतरी काही बोललं, सगळे हसले, आबापण हसला, पण जरा उशिरा. साईराज समोरच होता. त्यानं बघितलं, आबाचे डोळे या तोंडावरून त्या तोंडावर पळतायत, आता हसायचं का, आता मान हलवायची का, पोरगी आपली आणि बोलणी आपल्याला वगळून चाललीत. साईराजला तेव्हा दया आली नव्हती. लाज वाटली होती. आता त्याला त्या डोळ्यांची भीती वाटली, इतकी की त्यानं घाईघाईनं भिंतीवरच्या आरशाकडं पाठ केली.

त्यानं कोणाला काही सांगितलं नाही. नुसता चोरून तपासत राहिला, सगळ्या जगाचीच तपासणी घेत असल्यासारखा. कुकरची शिट्टी येते, पण तिचा वरचा शेंडा कापल्यासारखी. मोबाइल येतो. डास दिसतो, येत नाही. माणसांची बोलणी तर भिजलेल्या पुठ्ठ्यासारखी झालेली, त्यातले स आणि श गळून पडलेले, आणि हे त्याला आत्ता कळत होतं, कारण मन इतके दिवस गुपचूप त्या जागा भरून देत होतं, त्याला न विचारता. त्यात अनुपमदादा गाडी घेऊन आला बोर्ड बघायला. दादानं बटण दाबलं आणि उडीच मारली. "अरे! तीच रे, तीच! या टिंगसाठी बाबांनी बदडून काढलेलं मला, भर स्टँडवर! काय माणूस आहेस तू, साईराज!" मग खुर्ची ओढून बसला, आवाज खाली आणला, "हे बघ, मी खोलीचं काम सुरू केलंय. अजून पाच-सहा बोर्ड आणलेत. तू कायमचाच ये भिवपुरीला, माझ्याकडं. चित्राला मी कोणीही पकडीन. आवाज मात्र तुझ्या कानावर सोडला." साईराज हसला, हो म्हणाला, हो दादा, का नाही. "आणि हे ऐक जरा," दादानं फोनवर कसलंतरी रेकॉर्डिंग लावलं, "ह्या दुसऱ्या बोर्डाचा वरचा सूर थरथरतोय का? बायको म्हणते, तुम्हाला भास होतात." साईराजनं ऐकलं. खालचा ढोल आला, मधली सुरावट आली, तिच्यावर काही असेल तर ते आलं नाही. दादाच्या भुवया वर गेलेल्या, ओठ जरासे उघडे. "थरथरतोय," साईराज म्हणाला. "बघ! बघ! मी सांगत होतो तिला!" दादा टाळी द्यायला पुढं झाला, आणि टाळी देता देताच साईराजच्या लक्षात आलं, तेवढा सगळा वेळ तो फोनकडं बघतच नव्हता. दादाच्या तोंडाकडं बघत होता.

विचारायचं तर आबालाच. पण बहिऱ्या माणसाला गुपित विचारणार कसं? कानाशी ओरडलं की आळीला कळणार. म्हणून त्यानं आबाला गाडीवर मागं बसवलं, बांध बघून येऊ म्हणाला, आणि गावाबाहेर, आजूबाजूला चिटपाखरू नाही अशा जागी नेऊन आबाच्या कानाशी तोंड लावलं. "आबा! तुला कवा कळलं, कान गेलं ते?" "आं?" "कान! कान! कवा कळलं?" खालच्या खाचरातला बगळा उडाला. आबानं ढेकूळ उचललं, कुस्करलं, खाली सोडलं. "कळत नाय रं ते," आबा त्याच्या त्या ठाण ठाण आवाजात म्हणाला, "लोकं हळू बोलाय लागली आसं वाटतं. मला वाटायचं तुजी आय रुसली. दोन वरसं मी तिला मनवत व्हतो, बिचारीला." आणि हसला, दात नसलेलं मोठं हसू. मग हसू थांबलं. "तू कशापायी इचारतोस?" "काय नाय!" "आं?" "काय नाय रं, आसंच!" आबा त्याच्याकडं बघत राहिला, ओठांकडं नाही, सगळ्या तोंडाकडं, शेतातलं पाणी कुठून फुटलंय ते बघावं तसं. साईराजनं गाडीला किक मारली. मागं बसताना आबानं त्याच्या खांद्यावर हात ठेवला तो घरी येईपर्यंत काढला नाही.

जेवायला बसले तर नम्रतानं ओढणी तोंडावर धरली आणि ओढणीमागून काहीतरी बोलली. "काय बोलले सांगा." साईराज म्हणाला, "हे काय चाल्लंय तुजं?" "सांगा ना." "भात... भात वाढू का, आसं." नम्रतानं ओढणी खाली घेतली, हसली नाही. "मी बोलले, कर्जतला कानाच्या तपासणीला नाव लावलंय, सकाळी जायचंय." साईराज भडकला, ताटच सरकवलं, "कोनी सांगितलं तुला?" "आबांनी." "हळू सांगितलं का?" "आबांनी!" नम्रता म्हणाली, "आता पारूकाकीपन सांगत होत्या, कुठला डॉक्टर चांगला ते." त्याला हसू आलं आणि त्याच क्षणी घाम सुटला, कारण आळीला कळलं म्हणजे किशोरला कळणार, किशोर कर्जतला बसतो, म्हणजे दादाला कळणार. "नम्रता, मला दुसरं काय येतं गं? आवाजवाल्याला ऐकू येत नाय, हे एकदा फुटलं की संपलं. कोन देईल बोर्ड?" "आन नाय ऐकू येत तरी येतं म्हनून घेतलंत तर?" ती म्हणाली, "तुमी माज्याशी बोलता तवा माज्या डोळ्यात नाय बघत आता. तोंडाकडंच बघता. मला वाटलं, दाताला काय लागलं का माज्या." सकाळी दोघं गाडीवर निघाले. पळसदरीच्या अलीकडं ऊन चढलं म्हणून झाडाखाली थांबले, नम्रतानं बाटली तोंडाला लावली आणि तोंड वाकडं केलं, "बाई गं, केवढी किरकिर! डोकं उठलं." साईराजनं वर बघितलं. पानं. पानांमागं पानं. यंदा झाडांवर किरकिरणारे किडेच नाहीत, कडक उन्हाळा दिसतोय, असं त्यानंच कोणालातरी सांगितलं होतं, जाणकारासारखं. ती सगळी झाडं त्याच्यावर ओरडत होती, आणि त्याला एक फांदीसुद्धा ऐकू येत नव्हती. "चल," तो म्हणाला, "उशीर होतोय."

तपासणीची खोली म्हणजे एक मोठं कपाटच, आत काळा फोम, एका बाजूला काच, काचेपलीकडं मशीन आणि मशीनपाशी श्रिया नावाची मुलगी, चष्म्यातून बघणारी, मऊ बोलणारी. बाहेर बाकावर नम्रता. "अगदी बारीक आवाज आला तरी हे बटण दाबायचं," श्रियानं सांगितलं आणि हेडफोन चढवून जाड दार लावून घेतलं. दार लागलं तशी शीऽऽ मोठी झाली. मग पहिला सूर आला, जाड, गोल, त्यानं दाबलं. आला, दाबलं. बारीक झाला, दाबलं. आणि बघता बघता त्याच्या लक्षात आलं, अरे, ह्याला चाल आहे. बोर्डांनासुद्धा तपासणीचा एक मेनू असतो, त्यातले आवाज ओळीनं येतात, एक वाजला की पुढचा कधी ते बोटाला कळतं, तसंच हे. आणि काचेतून श्रियाचं कोपर दिसत होतं, सूर सोडायच्या वेळी ते केसाएवढं हलायचं. सूर चढत गेले, पातळ होत गेले, आणि मग आलेच नाहीत, पण कोपर हललं, त्यानं दाबलं. हललं, दाबलं. आत कुठंतरी गारवा पसरत चालला होता, झालं, कागदावर सगळं नीट येणार, कागद दादाला दाखवायचा, पारूकाकीला दाखवायचा, नम्रतानं दाराला लावला तरी चालेल. एक कान संपला, श्रियानं मान हलवली. दुसरा सुरू झाला. कोपर, दाबलं. कोपर, दाबलं. मग तिनं अंग जरा वळवलं आणि कोपर दिसेना, पण चाल त्याला पाठ होती, आता, आत्ता, त्यानं दाबलं.

श्रियानं वर बघितलं. मग उठली, दार उघडलं. "साईराज, मी आता काहीच वाजवलं नव्हतं," ती म्हणाली. तिच्यामागं नम्रता बाकावरून अर्धी उठलेली. तो म्हणणारच होता की तुमच्या मशीनलाच काहीतरी झालंय, एखादा कॅपॅसिटर गेला असेल, मी बघून देतो, शब्द अगदी जिभेवर होते, आणि ते खरेही वाटले असते, तोच तर ह्यातला माणूस. "होतं असं बऱ्याच जणांचं," श्रिया म्हणाली, "घाबरल्यावर. शेवटचे थोडे पुन्हा घेते, बाकीचं ठीकच दिसतंय." बाकीचं ठीकच दिसतंय. त्यानं हातातल्या बटणाकडं बघितलं. त्याला बोर्डावरच्या त्या दोन सोललेल्या रेघा आठवल्या, आणि दादाचा दुसरा बोर्ड, ज्याचा सूर थरथरतोय असं तो बोलून बसला होता, आता तो बोर्ड येणार, तो त्याच्यातले चांगले आयसी उपटणार, एकामागून एक, आणि कोणाच्या तरी तोंडाकडं बघून ठरवणार, झाला का नीट. "सगळंच परत घ्या," तो म्हणाला. "पहिल्यापासून. मला तुमचं कोपर दिसतंय तिथून. चाल पन पाठ झालीय, मागंपुढं करा. माझी खुर्ची भिंतीकडं फिरवा." श्रिया खाली वाकून खुर्ची फिरवायला लागली, जड होती, तर नम्रता आत आली आणि तिनं दुसरी बाजू धरली.

दार लागलं. समोर काळा फोम, नाकापासून हातभर. जाड सूर आला, त्यानं दाबलं. आला, दाबलं. थोडा वेळ काहीच नाही, मग आला, उशिरा, दाबलं. मग बारीक झाला, सुताएवढा, मग सुताची नुसती आठवण, का आठवणच होती ती, दाबू का, नको. मग ती शीऽऽ. फक्त ती. श्रिया आता वाजवत असेल. किंवा नसेल. मागं काचेपाशी नम्रता उभी असेल, तिला त्याची फक्त पाठ दिसत असेल. त्यानं डोळे मिटले तरी काही फरक पडला नाही, उघडले तरी नाही. अंगठ्याला घाम सुटला, तो बटणावरून घसरायला लागला, त्यानं तो पँटीला पुसला, परत बटणावर ठेवला, आणि दाबला नाही.